केमन बेटं: बँका येण्याआधी घर कोण चालवत होतं?

(पडद्यावर झेंडा)

नमस्कार मंडळी! हा केमन बेटांचा झेंडा. उजवीकडच्या चिन्हात अगदी वर बघा, हिरवं कासव दिसतंय? ते बसलंय दोराच्या वेटोळ्यावर. केमन म्हटलं की आपल्याला आठवतात बँका, कागदी कंपन्या आणि कर वाचवायच्या युक्त्या. झेंड्यावर मात्र कासव आणि दोर. कासवाबद्दल सगळेच सांगतात, म्हणून आज माझा भर दोरावर.

(नकाशा)

क्युबाच्या दक्षिणेला, जमैकाच्या वायव्येला ही तीन बेटं: ग्रँड केमन, केमन ब्रॅक आणि लिटल केमन. मे १५०३ मध्ये कोलंबस धाकट्या दोन बेटांजवळून गेला. कासवं इतकी, की त्याने बेटांना नावच दिलं 'लास तोर्तुगास', म्हणजे कासवं. पुढे येणारी-जाणारी जहाजं इथे ताज्या मांसासाठी थांबायला लागली, कारण उताणं करून ठेवलेलं कासव बरेच दिवस जिवंत राहतं. खलाशांची चंगळ झाली, कासवं मात्र संपत आली. मग केमनचे लोक आधी क्युबाच्या किनाऱ्याकडे आणि नंतर थेट निकाराग्वाजवळच्या मिस्किटो बेटांपर्यंत जायला लागले.

मोठी शिडाची जहाजं तिथवर न्यायची, पण खरी शिकार व्हायची छोट्या होडीतून. तिला म्हणतात कॅटबोट. १९०४ मध्ये केमन ब्रॅकच्या डॅनियल जार्व्हिसने ती पहिल्यांदा बांधली. दोन्ही टोकं निमुळती, त्यामुळे ती चटकन वळते. तळाला काच बसवलेली पेटी पाण्यावर टेकवायची आणि खाली कासव कुठे आहे ते बघायचं. पकडलं की त्याच्या पोटावर आपली आद्याक्षरं कोरायची. माल कुणाचा, यावरून नंतर भांडण नको!

आता विचार करा. घरातले पुरुष महिनोन् महिने बाहेर. ते परत येईपर्यंत चूल कशावर पेटायची?

दोरावर. इथे सिल्व्हर थॅच नावाचा ताड उगवतो, पानाची खालची बाजू चंदेरी. बायका-मुलं झुडपांतून, धारदार खडकांवरून चालत जाऊन त्याचं मधलं, अजून न उलगडलेलं कोवळं पान कापून आणायची. ते उन्हात वाळवायचं, चिरून पट्ट्या काढायच्या, पट्ट्यांना पीळ देऊन लांब पेड करायचे. मग असे तीन पेड ताणून धरायचे, एका टोकाला हाताने फिरवायचा रहाट आणि मध्ये तीन खाचांचा लाकडी ठोकळा. ठोकळा पुढे सरकत जातो आणि त्याच्या मागे दोर वळत जातो. एकट्या माणसाचं हे काम नव्हे, शेजारणी लागायच्याच.

हा दोर खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नाही, म्हणून जमैकाला त्याची मागणी होती. गावातला दुकानदार दोर घ्यायचा आणि बदल्यात पीठ, साखर, रॉकेल द्यायचा. रोख पैसा क्वचितच. भाव दुकानदाराच्या हातात, म्हणजे कुणाचं फावलं असेल ते तुम्हीच ओळखा.

शिवाय डास! संध्याकाळी बाहेर पडायचं तर हातात धुराचा डबा लागायचा, आत तिवराचं लाकूड धुमसत ठेवलेलं. नाताळच्या आधी याच बायका किनाऱ्यावरून टोपल्या भरभरून पांढरी वाळू आणून अंगणात पसरायच्या. बर्फ कुठला मिळणार तिथे?

आता ती प्रसिद्ध कथा. फेब्रुवारी १७९४ च्या एका रात्री जमैकाहून निघालेल्या ताफ्यातली दहा जहाजं ग्रँड केमनच्या पूर्व टोकाच्या प्रवाळावर आदळली. त्यातलं एक होतं ताफ्याचं रक्षण करणारं 'कन्व्हर्ट' हे नौदलाचं जहाज. बेटावरच्या लोकांनी होड्या घालून माणसं वाचवली. म्हणे खूश होऊन ब्रिटनचा राजा तिसरा जॉर्ज याने बेटांना कायमची करमाफी दिली! असा कुठलाही हुकूम आजवर सापडलेला नाही. सापडते ती १८०२ ची शिरगणती: ९३३ माणसं, त्यातली ५४५ गुलाम. करमाफीची कथा रंगवून सांगताना हा आकडा सहसा गाळला जातो.

दुसऱ्या महायुद्धानंतर पुरुषांनी कासवं सोडली आणि मोठ्या मालवाहू, तेलवाहू बोटी धरल्या. कामात वाकबगार, त्यामुळे अमेरिकी कंपन्यांना ते हवेच होते. कोकणात जशी मुंबईची मनीऑर्डर, तशी तिथे बोटीवरून येणारी पगाराची रक्कम. सिमेंटची घरं उभी राहिली. तेवढ्यात नायलॉन आलं आणि थॅचच्या दोराला गिऱ्हाईक उरलं नाही. १९६५ मध्ये डास-नियंत्रणाचं केंद्र सुरू झालं, १९६६ मध्ये बँकांचा कायदा आला. क्रम लक्षात घ्या, आधी डास हटले, मग सुटाबुटातले लोक आले!

कासव अजूनही खातात, पण ते १९६८ मध्ये सुरू झालेल्या पैदास केंद्रातलं. आणि हा ताड १९९५ पासून राष्ट्रीय वृक्ष आहे. त्याच्या टोपल्या आणि टोप्या आजही विणल्या जातात, फक्त गिऱ्हाईक आता क्रूझवरून उतरतं.