किल्ली कुणाच्या ताब्यात?

ही आरसिंकची, म्हणजे फायली दुसऱ्या सर्व्हरवर पाठवणाऱ्या प्रोग्रॅमची, कमांड. टर्मिनलमधून चालवली, आणि बघा, फायली पलीकडच्या सर्व्हरवर गेल्यासुद्धा. आता तीच ओळ पीएचपी स्क्रिप्टमध्ये घालून ब्राउझरमधून चालवू. लॉगमध्ये उमटलं: ‘परमिशन डिनाइड’.

कमांड तीच, पण चालवणारा वेगळा. टर्मिनलवर आपण आपल्या नावाने असतो. डेबियन किंवा उबुंटूवर वेबसर्व्हरची स्क्रिप्ट चालते ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या युजरच्या नावाने. आरसिंक ज्या सुरक्षित जोडणीवरून फायली पाठवतं ते एसएसएच त्याच्या होम फोल्डरमध्ये किल्ली, म्हणजे ओळख पटवणारी फाइल, शोधतं, आणि तिथे काहीच नाही.

मग घाईत हे असं होतं. आपलीच खाजगी किल्ली तिथे टाकली, मालकी वेबच्या युजरला दिली, परवानगी राहिली ६४४, म्हणजे कुणालाही वाचता येईल अशी. एसएसएचने हा भलामोठा इशारा छापून किल्ली नाकारली. बरंच झालं. ६००, म्हणजे फक्त मालकापुरती, केल्यावर चालेलही, पण वेबसाइटमध्ये कुणी घुसलं, तर किल्ली आयती त्याच्या हाती.

म्हणून वेगळा युजर. फायली पाठवणं एवढंच त्याचं काम. त्याच्यासाठी खाजगी आणि सार्वजनिक किल्लीची नवी जोडी तयार होतेय, एड२५५१९ प्रकारची. ओपनएसएसएचमध्ये ती २०१४ पासून आहे. पासफ्रेज, म्हणजे किल्लीचा पासवर्ड, विचारला, नुसतं एंटर दाबलं. रात्री आपोआप चालणाऱ्या कामात तो टाइप करणार कोण? त्यामुळे किल्लीचे हातपाय पलीकडे बांधायचे.

पलीकडच्या सर्व्हरवर ‘ऑथराइज्ड कीज’ ही फाइल उघडलीय, कुठल्या सार्वजनिक किल्ल्यांना आत घ्यायचं त्याची यादी. कर्सरकडे लक्ष द्या. किल्लीच्या आधी, त्याच ओळीत, ‘रिस्ट्रिक्ट’. मग ‘फ्रॉम’, त्यात फक्त आपल्या सर्व्हरचा आयपी. मग ‘कमांड’, त्यात आर-आरसिंक, म्हणजे आरसिंकला एका फोल्डरपुरतं बांधणारी स्क्रिप्ट, आणि एकच फोल्डर. आता या किल्लीने शेल, म्हणजे हवी ती कमांड चालवायची जागा, मागून पाहू. नाही मिळत!

पहिल्या जोडणीला एसएसएच विचारतं, हा सर्व्हर ओळखीचा आहे का? ‘यस’ म्हणायला स्क्रिप्टला तोंड नाही. ती तपासणीच बंद करा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. पलीकडच्या कन्सोलवर सर्व्हरच्या किल्लीचं फिंगरप्रिंट, म्हणजे तिची छोटी खूण, ताडून पाहा आणि सर्व्हरची ओळख ‘नोन होस्ट्स’मध्ये एकदाच नोंदवा.

आता ब्राउझरमधलं बटण दाबलं. पीएचपी स्क्रिप्टने रांगेत फक्त एक नोंद टाकली. पुढच्या मिनिटाला नव्या युजरच्या क्रॉनने, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रॅमने, ती उचलली, आरसिंक सुरू झालं. वेबच्या युजरने किल्ली वाचायचा प्रयत्न केला, तर उत्तर तेच: ‘परमिशन डिनाइड’. या वेळी ते हवंच होतं.