गटारीचं पत्र

(दृश्य : सकाळ. संपर्क कार्यालयाच्या दारात चपलांचा ढीग.)

आत किती माणसं आहेत ते बाहेरच्या चपलांवरून कळतं. साडेआठ वाजलेत, शटर अजून निम्मंच वर आहे, आणि वाकून आत शिरणाऱ्यांची रांग लागलीय. सत्काराचे हार टेबलाखाली सरकवलेत. शेवंती वाळली, जरतार तेवढी चमकतेय. फरशीच्या सांध्यांत गुलाल आहे. रोज पुसतात, पण तो निघत नाही.

नव्या आमदारांचे हे पहिले आठवडे. त्यांचं नाव आणि पक्ष या फिल्ममध्ये मुद्दामच घेतलेला नाही. कोल्हापुरात तेवढं सांगितलं की पुढचं कोणी ऐकत नाही, थेट वाद सुरू होतो.

(दृश्य : बिंदू चौक. महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे.)

२३ नोव्हेंबर २०२४ला निकाल लागला. मिरवणुकीचं चित्रीकरण आमच्याकडे ढीगभर आहे, पण जेसीबीवरून उधळलेला गुलाल तुम्ही बघितलेलाच आहे. ही जागा मात्र बघा. हे पुतळे ९ डिसेंबर १९५०चे, बाबासाहेब हयात असतानाचे. पुढाकार भाई माधवराव बागलांचा. कोल्हापुरात निवडून आलेला माणूस कुठल्याही झेंड्याचा असो, इथं आणि दसरा चौकात शाहू महाराजांपुढं वाकल्याशिवाय कामाला लागत नाही. आमदार हार घालून वळतात, तर चबुतऱ्यापाशीच एक कागद पुढं येतो. चार घड्या घातलेला, घामानं मऊ पडलेला. कॉलनीतल्या मावशी. "साहेब, गटारीचं तेवढं बघा. दारात उभं राहवत नाही."

पुढचे तीन आठवडे आम्ही या कागदाच्या मागं फिरलो.

(दृश्य : पीएंचं टेबल. लेटरपॅड, शिक्का, आवक-जावक रजिस्टर.)

हे आमदारांचे पीए. आधी कारखान्यात क्लार्क होते, अक्षर मोत्यासारखं. त्यांच्यापुढं तीन गठ्ठे आहेत. पहिला दवाखान्याचा, तो सगळ्यात आधी हातात घ्यायचा असा नियम. दुसरा बदल्या, दाखले आणि पोरांच्या नोकऱ्यांचा. तिसरा सगळ्यात जाड : पाणंद रस्ता, जळालेला विजेचा डीपी, हायमास्ट दिवा, गटार.

गटारीसाठी आमदार कशाला, असं मुंबईचा माणूस विचारेल. कोल्हापूर महापालिकेत नोव्हेंबर २०२०पासून प्रशासक होते. आम्ही चित्रीकरण केलं तेव्हा शहरात एकही नगरसेवक पदावर नव्हता. नगरसेवकाच्या दारातली रांग जायची कुठं? ती इथं आली. ज्यांना कायदे करायला निवडून दिलं, त्यांच्या टेबलावर आता कोपऱ्यावरच्या चेंबरचं झाकण आलंय.

पीए पत्र टाइप करतात. "महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून..." पत्राला जावक क्रमांक पडतो. शिक्का दोनदा उठवावा लागतो, पहिला फिका येतो. मग खरा प्रवास. आमदाराला स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी, पण त्यातला एक रुपयाही त्याच्या हातात येत नाही. तो फक्त काम सुचवतो. पत्र जिल्हाधिकारी कार्यालयात जिल्हा नियोजनकडं जातं. तिथून काम करणाऱ्या यंत्रणेकडं अंदाजपत्रक मागवलं जातं. तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश. प्रत्येक टप्प्यावर एक टेबल, आणि टेबलावरचा माणूस कधी जेवायला गेलेला, कधी मीटिंगला. पीए मोटरसायकलवरून तीन वेळा जाऊन आले. तिसऱ्या वेळी फाईल सापडली.

(दृश्य : रात्र. कोल्हापूरचं रेल्वे स्टेशन.)

दरम्यान साहेब मुंबईला जाऊन आले. ७ ते ९ डिसेंबर हे तीन दिवस शपथविधीचं आणि अध्यक्ष निवडीचं विशेष अधिवेशन होतं. सभागृहात २८८ सदस्य, कोल्हापूर जिल्ह्याचे त्यांतले १०. आत कॅमेरा नेता येत नाही, त्यामुळं शपथेचं दृश्य इथं नाही. लगेच १६ तारखेपासून नागपूर. वर्षातून एक अधिवेशन तिथं, हे १९५३च्या नागपूर करारापासून चालत आलंय. कोल्हापूरकराला ते महाराष्ट्राचं दुसरं टोक. आठवडाभरात अधिवेशन संपलं. साहेब घसा बसवून परत आले.

(दृश्य : जयंती नाला. कॅमेरा पाण्याच्या पातळीवर.)

आता इथं थोडं थांबू. हा शॉट आम्हाला सगळ्यात जास्त हवा होता आणि वासामुळं सगळ्यात कमी वेळात उरकावा लागला. ह्याला आज नाला म्हणतात. जुनी माणसं अजून जयंती नदी म्हणतात. कॉलन्यांच्या गटारी इथं येतात. उपसा केंद्रातले पंप हे सांडपाणी उचलून कसबा बावड्याच्या प्रक्रिया केंद्राकडं पाठवतात. पंप चालू असले तर. बंद पडले, वीज गेली, पाऊस आला, की ते बांधावरून सरळ पंचगंगेत.

आणि पंचगंगा कोणाची? कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लोक जिला गुप्त मानतात ती सरस्वती. प्रयाग चिखलीच्या संगमापासून पुढं पंचगंगा. तिथून नृसिंहवाडीत कृष्णेला मिळेपर्यंत ती करवीर, कोल्हापूर, हातकणंगले, इचलकरंजी, शिरोळ अशी मतदारसंघ ओलांडत जाते. गटार एका मतदारसंघात मावते, नदी मावत नाही. वरच्याला विचारलं तर तो इचलकरंजीच्या कापड प्रोसेस कारखान्यांकडं बोट दाखवतो, खालच्याला विचारलं तर तो कोल्हापूरच्या नाल्यांकडं. दोघंही खोटं बोलत नाहीत, हीच अडचण आहे. आम्ही त्या टेबलाशेजारी बसलो तेवढ्या दिवसांत नदीसाठी कोणी अर्ज घेऊन आलं नाही. तारांकित प्रश्न, लक्षवेधी ही सभागृहात सरकारला जाब विचारायची हत्यारं आमदाराकडंच असतात, पीएंच्या रजिस्टरात त्यांचा रकाना नाही. आम्ही विचारलं, तेव्हा साहेब म्हणाले, "मार्चच्या अधिवेशनात घेऊया की." पीएंनी डायरीत लिहून घेतलं. ते पानही आम्ही चित्रित केलंय.

(दृश्य : पंचगंगेवरचा तेरवाड बंधारा. फेस, मेलेले मासे.)

२०१२ला इचलकरंजीत दूषित पाण्यामुळं काविळीची साथ आली होती, माणसं दगावली होती.

(दृश्य : कॉलनी. दुपार.)

मावशींच्या गल्लीत माप घ्यायला माणसं आलीत. टेप, खडूची पूड, एक वही. पोरं टेपचं टोक धरायला धावतात. पांढरी रेघ मावशींच्या तुळशीपासून निघते, पानपट्टीला वळसा घालते, शाळेच्या भिंतीला लागते. मावशी साखरेचे पेढे वाटतायत. अजून मान्यताच यायचीय, हे पीए त्यांना हळू आवाजात सांगतात. त्या पेढा त्यांच्याही हातावर ठेवतात.

"पण बाळा," मावशी माप घेणाऱ्याला विचारतात, "पुढं सोडणार कुठं हे?"

तो टेप गुंडाळत असतो. मान वर न करता नाल्याकडं हात करतो.