थार-जिम्नीसाठी ए/टी टायर: पावसातला घाट आधी, चिखल नंतर

[दृश्य: ताम्हिणी घाट, जुलै. पावसात उतरणाऱ्या गाडीचं पुढचं चाक जवळून.]

महाराष्ट्रात थार-जिम्नीसारखी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी वर्षभर चालते कुठे? ऑफिसला, गावाला, एक्सप्रेसवेवर. अधूनमधून गडाच्या पायथ्याला, धरणाच्या काठाला, नाहीतर शेताकडे जाणाऱ्या पाणंद रस्त्यावर. बहुतेकांच्या बाबतीत शंभरातले नव्वद किलोमीटर डांबराचे किंवा काँक्रीटचे असतात. टायर घेताना मात्र सगळं लक्ष उरलेल्या दहा किलोमीटरवर असतं. मोठमोठ्या ठोकळ्यांचा, रांगडा दिसणारा टायर बसवला जातो. मग पहिल्या जोरदार पावसात, घाटाच्या उतारावर ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला किती जास्त जागा घेते ते कळतं.

म्हणून आपण निवड उलट्या बाजूने करणार आहोत. ओल्या घाटात आणि तापलेल्या काँक्रीटवर जो टायर भरवशाचा, तो आधी वेगळा काढायचा. त्यातला दगड-मातीत सर्वांत पुढे जाणारा कोणता, हा प्रश्न त्यानंतरचा.

[दृश्य: तीन टायर शेजारी शेजारी. बोट नक्षीवरून फिरतं.]

एसयूव्हीच्या टायरचे ढोबळ तीन प्रकार. एच/टी म्हणजे हायवे टेरेन: बारीक, बंद नक्षी, नवा असताना साधारण ८ ते ९ मिलिमीटर खोल. जिम्नी २०२३ मध्ये भारतात आली ती १९५/८० आर १५ मापाच्या एच/टी टायरवर. एम/टी म्हणजे मड टेरेन: सुटे ठोकळे, त्यांच्यामध्ये रुंद मोकळी जागा, खोली १४-१५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त. या दोहोंच्या मधला ए/टी, म्हणजे ऑल टेरेन, खोली सहसा १० ते १२ मिलिमीटर. २०२० च्या थारच्या वरच्या श्रेणीला कंपनीतूनच २५५/६५ आर १८ मापाचे ए/टी मिळाले.

रोज हायवेवर जाणाऱ्या गाडीला एम/टी घेऊ नका. रस्त्याला टेकणारं रबर कमी, उंच ठोकळे वळणावर वाकतात, ८० च्या पुढे आवाज गाडीत बोलू देत नाही. त्यामुळे निवड ए/टीमध्येच करायची. पण ए/टी हे नाव फार मोकळं आहे. जवळजवळ एच/टी असलेल्या टायरवरही ते असतं आणि एम/टीच्या सख्ख्या भावावरही. त्यामुळे बाजूवर छापलेली अक्षरं सोडा आणि नक्षी वाचा.

सुरुवात मधल्या पट्ट्यापासून. सरळ चालताना आणि ब्रेक मारताना गाडीचा भार सर्वांत जास्त याच भागावर येतो. मधले ठोकळे एकमेकांत गुंतलेले, किंवा खालून रबराच्या पुलाने जोडलेले असतील तर ते ब्रेकखाली कमी वाकतात. स्टेअरिंग नेमकं राहतं आणि आवाज कमी होतो. कडेचे ठोकळे मात्र सुटे असलेले चांगले, कारण चिखलात आणि चाकोरीत पकड तिथूनच मिळते. हायवेलाही चालणाऱ्या ए/टीची ही ओळख आहे: मध्य बंद, कडा मोकळ्या.

दुसरी गोष्ट ठोकळ्यांवरच्या बारीक चिरा. इंग्रजीतला शब्दच चालतो, साइप. ओल्या डांबरावर पाण्याचा पातळ थर फोडून रबर रस्त्याला टेकवायचं काम या चिरा करतात. खोबणी मोठ्या असल्यामुळे साचलेलं पाणी बाहेर फेकण्यात नवा ए/टी सहसा कमी पडत नाही. तो कमी पडतो नुसत्या ओल्या, गुळगुळीत रस्त्यावरच्या ब्रेकमध्ये. तिथे चिरा कामाला येतात. त्या किती खोल आहेत ते जुना टायर बघून तपासा. काही टायरांच्या चिरा नक्षी अर्धी झिजली की नाहीशा होतात, आणि मग उरलेलं अर्धं आयुष्य तो टायर पावसात निसरडाच राहतो. दुकानात त्याच मॉडेलचा उतरवलेला टायर पडलेला असेल तर दोन मिनिटं तो नीट पाहा. माहितीपत्रकापेक्षा तो जास्त सांगतो.

तिसरी, ठोकळ्यांचा आकार. सगळे एकाच लांबीचे असतील तर आवाज एकाच सुरात येतो आणि कानाला टोचतो. चांगल्या टायरमध्ये लहान, मोठे, मध्यम असे ठोकळे मुद्दाम विस्कळीत लावलेले असतात, म्हणजे तो आवाज विखुरतो. खोबणीच्या तळाशी छोटे उंचवटेही बघा. खडी अडकून आत रुतू नये म्हणून ते असतात. बेसाल्टच्या धारदार खडीच्या आपल्या प्रदेशात त्यांची गरज आहेच.

[दृश्य: टायरची बाजू. आकडे एकेक करून पडद्यावर मोठे होतात.]

आता बाजूवरचं लिखाण. २१५/७५ आर १५ १००एस. रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के, आर म्हणजे रेडियल बांधणी, १५ इंची रिम. १०० हा भार निर्देशांक: एका टायरला ८०० किलो. ९६ म्हणजे ७१०, १११ म्हणजे १०९०. कंपनीच्या टायरवर जो आकडा आहे त्याच्या खाली कधीही जायचं नाही. शेवटचं अक्षर जास्तीत जास्त वेगाचं, ताशी किलोमीटरमध्ये: क्यू १६०, एस १८०, टी १९०, एच २१०. समृद्धी महामार्गावर कारला १२० ची मर्यादा आहे, म्हणून क्यूसुद्धा पुरेल असं वाटतं. पण हा वेग योग्य हवा आणि योग्य भार गृहीत धरून दिलेला असतो. मे महिन्यातलं काँक्रीट, पाच माणसं, छतावर सामान आणि चार पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) कमी हवा, असं जुळून आलं की हातातली ती सूट झपाट्याने संपते. एस किंवा टी घ्या.

बाजूला चार आकडी तारीख असते. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. पाचही टायरांवर ती बघा. आयएसआय चिन्हही बघा.

मापाच्या पुढे एलटी अक्षरं असतील तर थांबा. एलटी म्हणजे हलक्या ट्रकसाठीची बांधणी. बाजू जाड, कापला जाण्याचा धोका कमी, वजन जास्त. तेवढीच हवा भरली तर एलटी टायर साध्या बांधणीच्या टायरपेक्षा कमी भार पेलतो, म्हणून त्याला हवा जास्त लागते आणि रिकामी गाडी आपटत चालते. स्पितीला सामान लादून जाणाऱ्या फॉर्च्युनरला एलटी शोभतो. १३४ न्यूटन-मीटरच्या जिम्नीला तो जड होतो: पिकअप मरतो, ॲव्हरेज पडतं, सस्पेंशन खडखडतं. भोरच्या किंवा मुळशीच्या वाटांवर शनिवार-रविवार जाणाऱ्याला साधी बांधणीच बरी.

[दृश्य: जिम्नीचं चाक. पडद्यावर हिशेब उमटतो.]

सर्वांत जास्त चुका मापात होतात, म्हणून हा हिशेब सावकाश पाहू. जिम्नीचा मूळ टायर १९५/८० आर १५. बाजूची उंची १५६ मिलिमीटर. दोन बाजू आणि ३८१ मिलिमीटरचं रिम मिळून व्यास ६९३ मिलिमीटर. २१५/७५ आर १५ चा व्यास होतो ७०३.५, म्हणजे दीड टक्का वाढ. स्पीडोमीटर, गिअरिंग, एबीएस, कशालाच फारसा धक्का नाही, आणि साडेपाच इंची मूळ रिमवर तो बसतो. आता लोकांचा आवडता २३५/७५ आर १५. व्यास ७३३.५, वाढ ५.८ टक्के. मूळ टायरवर ज्या फिरण्याला काटा १०० दाखवायचा, तिथे आता गाडी जवळपास सहा किलोमीटरने जास्त पळते. ओढ त्याच प्रमाणात घटते, घाटात खालच्या गिअरवर यावं लागतं. त्या टायरला किमान सहा इंची रिम हवं. मूळ रिमवर तो बसवला तर मध्य फुगतो आणि कडा रस्त्यावरून उचलल्या जातात.

थारचाही हिशेब सोपा आहे. २५५/६५ आर १८ चा व्यास सुमारे ७८९ मिलिमीटर, २६५/६५ आर १८ चा ८०२. पावणेदोन टक्क्यांच्या आत. तीन टक्क्यांची मर्यादा मनाशी पक्की ठेवा. त्यातही कंपनीने त्या मॉडेलच्या कोणत्यातरी श्रेणीला दिलेलं माप निवडलं तर विमा आणि आरटीओचा प्रश्नच उरत नाही.

पाचही टायर एकदम घ्या. थार आणि जिम्नीच्या फोर-एचमध्ये, म्हणजे चारही चाकं ओढणाऱ्या गिअरमध्ये, पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना घट्ट जोडले जातात, मध्ये त्यांना वेगळ्या गतीने फिरू देणारं डिफरेन्शियल नाही. पुढे नवे आणि मागे अर्धे झिजलेले टायर असतील तर दोन्ही ॲक्सल वेगळ्या गतीने फिरू पाहतात आणि तो ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे दोन्ही ॲक्सलना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीवर येतो. वेगळ्या व्यासाच्या स्टेपनीनेही हेच होतं.

[दृश्य: टायरचं दुकान. बॅलन्सिंगचं यंत्र फिरतंय.]

बसवताना दुकानात उभे राहा. नव्या टायरवर पिवळा ठिपका असेल तर ती सहसा त्याची हलकी बाजू, तो व्हॉल्व्हसमोर यायला हवा. ए/टी जड असतो, त्यामुळे बॅलन्सिंगला शिसं जरा जास्त लागतं. एका चाकाला १०० ग्रॅमच्या पुढे जायला लागलं तर टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजायला सांगा. नट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्यावर. ८०-१०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा तपासायचे. स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर कुठे घासतो का ते तिथेच बघा. अलाइनमेंट त्याच दिवशी. पहिले दोन-तीनशे किलोमीटर हळू, कारण साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या थराचा निसरडेपणा जायला तेवढं अंतर लागतं.

[दृश्य: मुरमाची वाट. हवा सोडल्याचा आवाज.]

टायर कितीही विचार करून घेतला, तरी त्याचं अर्धं काम हवेवर आहे. हायवेला दरवाजाच्या चौकटीवरचा आकडा, टायर थंड असताना. गरम टायरची वाढलेली हवा कधीही सोडू नका. थंड झाल्यावर ती कमी भरते, बाजू जास्त वाकते, उष्णता वाढते, आणि नक्षीचा पट्टा सुटण्यापर्यंत मजल जाते. ए/टीची नक्षी जाड असल्याने ती उष्णता धरूनही ठेवते.

मुरमाच्या किंवा खडीच्या कच्च्या रस्त्यावर हवा पाव हिश्शाने कमी करा. हादरे कमी होतात, आणि टायर दगडावरून फाटण्याऐवजी दबतो. खडकाळ चढ किंवा ओला जांभा असेल तर १८ ते २० पीएसआय. इथे वेग ताशी ३० च्या आत. १५ च्या खाली साध्या रिमवरून टायर सुटू शकतो. शेवाळ धरलेल्या जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर तर ठोकळ्यांपेक्षा कमी हवा आणि चिराच जास्त साथ देतात. गाडी मळलेल्या वाटेवरच ठेवा. सड्यावरची पातळ माती आणि तिच्यावरची फुलं चाकाखाली एकदा गेली की सहजासहजी परत येत नाहीत. समुद्रकिनाऱ्यावर तर गाडी नकोच. बऱ्याच ठिकाणी बंदी आहे, आणि कोकणातल्या काही किनाऱ्यांवर कासवं अंडी घालतात.

काळ्या मातीबद्दल स्पष्ट सांगायला हवं. ओली काळी माती फुगते आणि चिकटते. चाकाच्या चार-पाच फेऱ्यांत खोबणी भरून जातात, आणि टायर ए/टी असो की एम/टी, चाक गोटा होऊन जागेवर फिरतं. पावसानंतर मराठवाड्यातल्या पाणंद रस्त्यावर एकच उपाय: एक-दोन दिवस ऊन पडू द्या.

रान सोडून डांबरावर आलात की आधी हवा भरा. नासाने १९६० च्या दशकात विमानाच्या टायरांवर केलेल्या अभ्यासातून एक ठोकताळा मिळाला: साचलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. ३२ पीएसआयला तो ताशी ९४ च्या आसपास येतो, २० ला ७५ च्या आत. आपल्या नक्षीदार टायरला हे आकडे जसेच्या तसे लागू नाहीत, पण कमी हवेत हा वेग खाली येतो एवढं नक्की. लहान बारा व्होल्टच्या कॉम्प्रेसरला चार चाकांसाठी अर्धा तासही लागेल. तो वेळ धरूनच परतीचं नियोजन करा.

[दृश्य: हाताचा पंजा नक्षीवरून एका दिशेने, मग उलट दिशेने.]

ए/टी टायर पाच ते आठ हजार किलोमीटरवर अदलाबदल करा. मागचे सरळ पुढे, पुढचे तिरके मागे. स्टेपनी त्याच मापाची असेल तर तीही फेऱ्यात घ्या. हे केलं नाही की ठोकळ्याची एक कड झिजते, दुसरी उंच राहते. १५-२० हजारांवर गाडी घोंघावू लागते आणि लोक बेअरिंग बदलून मोकळे होतात. बेअरिंगवर खर्च करण्याआधी नक्षीवरून तळहात दोन्ही दिशांना फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं तर आवाज टायरचा आहे.

प्रत्येक कच्च्या वाटेनंतर अडकलेली खडी पेचकसाने काढा आणि आतल्या बाजूचीही साइडवॉल बघा. काप आतल्या दोऱ्यापर्यंत गेला असेल किंवा फुगा आला असेल तर तो टायर हायवेला न्यायचा नाही, पॅच कुणीही मारून देत असला तरी. कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालते. ए/टी मात्र चार मिलिमीटरवर आला की बदला, आणि खोलीची मोजणी मे महिन्यात करा, म्हणजे पाऊस सुरू व्हायच्या आत नवे बसवून त्यांचे पहिले तीनशे किलोमीटर कोरड्या रस्त्यावर होतील.