तीन अंशांचा उतार

पाऊस सुरू झालाय. गवतावर पडलेलं हे पाणी कुठे निघालंय, तिकडे नजर ठेवा.

ही बँकॉकमधली चुलालाँगकॉर्न विद्यापीठाची शताब्दी बाग. ११ एकर, तीही भर शहरात. सोन्याच्या मोलाची ही जमीन विद्यापीठाने आपल्या शंभरीला, २०१७ साली, लोकांसाठी मोकळी केली. आजच्या काळात ही लहान गोष्ट नव्हे!

आता बाजूने पाहा. अख्खी बाग एका टोकाला उचललेली आहे, तीन अंशांनी. ही रचना लँडस्केप आर्किटेक्ट कोचाकोर्न वोराखोम यांची. चाओ फ्राया नदीच्या गाळावर वसलेलं बँकॉक परातीसारखं सपाट. पाणी साचलं की हलत नाही. म्हणून इथे उतार मुद्दाम घडवला.

वरच्या टोकाला गवताने झाकलेलं हे छप्पर. त्याच्या पोटात टाक्या आहेत. त्यातलं पाणी कोरड्या दिवसांत झाडांना मिळतं. बाकीचं पाणी दोन्ही कडांच्या पाणथळ वाफ्यांत उतरतं. जरा जवळ जाऊ. एका वाफ्यातून दुसऱ्यात, मुळांमधून वाट काढत, गाळ मागे टाकत ते चाललंय. वरून आलेलं गढूळ पाणी खाली पोचेस्तोवर निवळतं.

आणि हे तळं. पाऊस वाढला की ते समोरच्या हिरवळीवर चढतं, जवळजवळ दुप्पट होतं. हिरवळ बुडाली तर बुडू द्यायची, तिची नेमणूकच त्यासाठी आहे. १० लाख गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर पाणी ही बाग धरून ठेवते.

थायलंडचे राजे भूमिबोल अशा साठ्यांना 'माकडाचे गाल' म्हणत. माकड केळी भराभर गालात भरतं आणि मग सवडीने खातं. शहरानेही पाऊस असाच गालात धरावा, पूर ओसरला की सावकाश सोडावा. बँकॉकचे कितीतरी कालवे बुजवून त्यांवर रस्ते झाले. २०११ च्या पुरात देशभरात ८०० हून अधिक माणसं गेली. एका बागेने हे शहर वाचणार नाही; असे गाल वस्तीवस्तीत हवेत.

काठावरच्या या सायकली जागच्या हलत नाहीत. पायडल मारलं की पाणी घुसळतं, त्यात हवा मिसळते, तळं कुबट होत नाही. या मुलीचे पाय जेमतेम पोचतायत. आई हाक मारतेय, पण तिचं अजून थोडं घुसळायचं राहिलंय.