चिंगीचे रिपोर्ट

नमस्कार मंडळी! ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांना सांगायला नको, की आपल्याला काय दुखतंय खुपतंय याबद्दल हा प्राणी ताकास तूर लागू देत नाही. आमची चिंगी बारा वर्षांची, खाणं चालू, उड्या चालू, फक्त उचलली की पाठीचा कणा हाताला लागायला लागला आणि पाण्याचं भांडं दिवसातून दोनदा भरायची वेळ आली, म्हणून वजन केलं तर साडेचार किलोची चार झालेली. अर्धाच किलो ना, पण तिच्या अंगातला नववा हिस्सा गेला की हो!

म्हातारं मांजर, वजन उतरतंय, पाणी जास्त, मग पहिला संशय तिघांवर: किडनी, डायबेटिस, थायरॉइड. रक्त दिलं, लघवी दिली. शुगर वाढलेली बघून माझ्या पोटात गोळाच आला, पण डॉक्टर म्हणाल्या थांबा, ही पिंजऱ्यात ओरडत आलीये, मांजराची शुगर नुसत्या घाबरण्यानेही चढते. लघवीत शुगर नव्हती, मग फ्रुक्टोसामिन केली, जी मागच्या एक-दोन आठवड्यांच्या शुगरचा हिशोब सांगते, तीही नॉर्मल. सुटलो! पण लघवी पातळ होती, म्हणजे किडनीवरचा संशय कायम, आणि क्रिएटिनिन (किडनी रक्तातून बाहेर टाकते तो कचरा) नॉर्मल आहे म्हणून किडनी ठणठणीत असं धरता येत नाही, कारण किडनीचं पाऊण काम बंद पडेपर्यंत ते बऱ्याचदा वाढतच नाही. टी-फोर, म्हणजे थायरॉइडचं हार्मोन, नॉर्मलच्या अगदी वरच्या काठाला. म्हणजे धड इकडे ना तिकडे.

आणखी एक गंमत ऐका, ही नॉर्मल रेंज साधारण अशी आखतात की शंभरातली पंच्याण्णव धडधाकट मांजरं तिच्यात बसावीत, त्यामुळे वीस टेस्ट केल्या की एखादा आकडा लाल, म्हणजे रेंजबाहेर, येण्याची शक्यता बरीच असते, मांजर ठीक असलं तरी. मी मात्र रात्री दोनपर्यंत त्या लाल आकड्यांना मोबाईलवर शोधत बसले होते, वेडेपणा नुसता.

सोनोग्राफीत आतड्याची भिंत थोडी जाड दिसली. सूज की लिम्फोमा (एक प्रकारचा कॅन्सर), ते फोटोवरून ठरत नाही, बायोप्सी लागते, आणि त्यासाठी भूल. तेव्हा मी विचारलं, डॉक्टर, उत्तर काहीही आलं तरी आज आपण वेगळं काय करणार? त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, आज तरी काही नाही, आधी महिन्याने टी-फोर परत करू.

थांबायचं म्हणजे सगळ्यालाच नाही हं. मांजर दिवसभर काहीच खात नसेल तर फोन करा, उपाशी मांजराच्या लिव्हरवर फार लवकर चरबी चढते. आणि बोका कुंथतोय पण लघवी होत नाहीये, तर फोनही नको, उचला आणि पळा.

महिन्याने टी-फोर वाढलेलं निघालं, थायरॉइडच. गोळ्या सुरू झाल्या, पण आता डॉक्टर म्हणतात थायरॉइड खाली आला की लपलेला किडनीचा त्रास वर येऊ शकतो, म्हणून परत रक्त, परत लघवी. पिंजरा मी आता हॉलमध्येच उघडा ठेवलाय, चिंगी त्यात झोपते, दार लावलं की मात्र ओरडते.