रिकामा खुळखुळा

बाप बाळाच्या कानाशी खुळखुळा वाजवतो. बाळ ढिम्म. पुन्हा वाजवतो. बाळ मान वळवत नाही. आईबाप दोघंही मूकबधिर. पोरगंही तसंच निघालं की काय, या धास्तीनं ते डॉक्टरांकडे धावतात. तिथं कळतं, बाळाचे कान ठणठणीत आहेत. खुळखुळ्यातच खडे नव्हते! आईबापांना ते कळणार तरी कसं?

चित्रपट 'कोशिश', साल १९७२. संजीव कुमार आणि जया भादुरी. पटकथा आणि दिग्दर्शन गुलजार यांचं.

ज्यांच्या शब्दांवर आपण जीव टाकतो, त्यांचं सर्वांत मोठं काम मला या न बोलणाऱ्या माणसांच्या चित्रपटात दिसतं. या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, संजीव कुमार यांनाही.

गुलजार म्हणजे संपूर्णसिंग कालरा. जन्म १९३४चा, झेलम जिल्ह्यातल्या दीना गावचा. फाळणीत गाव पलीकडे राहिलं. दिल्ली, मग मुंबई. इथे ते एका मोटार गॅरेजात कामाला होते. ठोकलेल्या गाडीच्या जुन्या रंगाशी नवा रंग जुळवायचा, तोही असा की जोड कुठे ओळखू येऊ नये.

सिनेमात गाणी लिहायची त्यांना फारशी ओढ नव्हती. गीतकार शैलेंद्र यांनीच त्यांना दिग्दर्शक बिमल रॉय यांच्याकडे पिटाळलं. चित्रपट 'बंदिनी'. नायिका कल्याणी चांदण्यात घराबाहेर पडून गाईल का, यावरून बिमलदा आणि संगीतकार सचिनदेव बर्मन यांच्यात वाद रंगला. घरात कोंडली तर चाल गुदमरेल, हे बर्मनदांचं म्हणणं. त्या वादातून 'मोरा गोरा अंग लइ ले' जन्मलं. बिमलदांनी या तरुणाला पुन्हा गॅरेजात जाऊ दिलं नाही. आपला सहायक करून घेतलं.

पुढे 'आनंद'चे संवाद, 'मेरे अपने'पासून दिग्दर्शन. 'आंधी'वर आणीबाणीत बंदी आली.

आणि १९८७चा 'इजाजत'. 'मेरा कुछ सामान'चा कागद हाती आला तेव्हा पंचमदा, म्हणजे संगीतकार राहुलदेव बर्मन, वैतागले : उद्या वर्तमानपत्र आणशील आणि म्हणशील, लाव चाल! हा किस्सा गुलजार स्वतःच सांगतात. ना छंद, ना यमक. शेजारी बसलेल्या आशाताई त्यातली एक ओळ गुणगुणल्या आणि पंचमदांना तिथेच चालीचं टोक सापडलं. या गाण्यासाठी गुलजार आणि आशाताई, दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

ऑस्कर, फाळके पुरस्कार, ज्ञानपीठ हे सगळं नंतरचं.

मराठीशी त्यांचं जुनं मैत्र. कुसुमाग्रजांच्या कविता त्यांनी हिंदीत नेल्या. त्यांच्या 'त्रिवेणी' शान्ता शेळके यांनी मराठीत आणल्या. तीन ओळींचा हा रचनाप्रकार गुलजारांचाच. पहिल्या दोन ओळी गंगा-यमुनेसारख्या उघड वाहतात. तिसरी सरस्वती. ती आधीपासून तिथेच असते, पोटात दडलेली.