टेबलावरचं पुस्तक

श्रोतेहो, नमस्कार.

1985 सालची गोष्ट. कोकणातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी नवाकोरा मेडिकल ऑफिसर होतो. एका पोराच्या अंगावरचं पुरळ ओळखू येईना, म्हणून त्याच्यासमोरच जाडजूड पुस्तक उघडलं. त्याची आजी सुनेच्या कानाशी लागली, "याला काय येत नाय वाटतं." कुजबुज चांगली खणखणीत होती. पुढे कित्येक महिने मी मागच्या खोलीत जाऊन, चोरून पुस्तक बघत असे.

पण पुस्तक बघूनही सगळं भागत नव्हतं. ते परदेशात लिहिलेलं. हृदयविकारावर पानंच्या पानं, विंचवावर जेमतेम चार ओळी. आणि आमच्याकडे रात्री कंदील घेऊन माणसं येत, ती लाल विंचवाची. जो वेदनेनं नुसताच ओरडतोय, तो बहुधा वाचायचा. जो गप्प आहे, घामानं निथळतोय, हातपाय बर्फासारखे गार, त्याची धास्ती. काही तासांत फुफ्फुसात पाणी भरे आणि तोंडाला गुलाबी फेस येई.

याचं उत्तर कुठल्याच पुस्तकात नव्हतं, ते शेजारच्या महाड तालुक्यात तयार होत होतं. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 पासून बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात अशा रुग्णांच्या उशाशी रात्रभर बसून नाडी, रक्तदाब, घाम यांच्या नोंदी करत होते. 1982 साली त्या नोंदी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आल्या. विंचवाच्या विषानं रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयावर ताण येतो. मग त्या सैल करणारी, रक्तदाबावरची प्राझोसिनची साधी गोळी का देऊ नये? 1986 साली तेही 'लॅन्सेट'मध्ये आलं. म्हणजे लंडनला छापलेला आमच्याच जिल्ह्यातला अनुभव. माझ्यापर्यंत तो कसा पोचला? मासिक मीटिंगमध्ये एका मित्रानं दिलेल्या पुसट झेरॉक्समधून.

तोवर आमच्याकडे नेमानं पोचणारी माहिती म्हणजे औषध कंपनीचा एमआर, डॉक्टरांकडे औषधांची जाहिरात करत फिरणारा प्रतिनिधी. माणूस गोड, हातात गुळगुळीत कागद, त्यावर दोन उभे खांब: त्यांच्या औषधाचा उंच, दुसऱ्याचा बुटका. एकदा नीट पाहिलं, तर खांब शून्यापासून सुरूच होत नव्हते! खालचा भाग छाटल्यामुळे तीळभर फरक ताडाएवढा दिसत होता.

2002 साली जागतिक आरोग्य संघटनेनं प्रकाशकांना सोबत घेऊन 'हिनारी' योजना आणली. त्यातून गरीब देशांतल्या संस्थांना वैद्यकीय नियतकालिकं फुकट किंवा अल्प दरात मिळू लागली. भारत त्या यादीत नाही. श्रीमंतांच्या पंगतीत आम्हाला पाट नाही आणि गरिबांच्याही नाही, असं आम्ही म्हणत असू. 2007 साली मात्र आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, पैसे भरून कॉक्रेन लायब्ररी साऱ्या देशासाठी खुली केली. एकाच उपचारावरचे जगभरातले अभ्यास गोळा करून, चाळून, पाखडून तिथे निष्कर्ष मांडलेला असतो. त्यात कधीकधी "खात्रीनं सांगता येत नाही" एवढंच उत्तर मिळतं. सुरुवातीला मी वैतागायचो. नंतर त्याच उत्तराचा सर्वाधिक उपयोग झाला, कारण ते वाचून मी काही औषधं लिहिणंच सोडलं.

आता मोबाइलवर सगळंच येतं. कोरोनात दिवसाला शंभर फॉरवर्ड येत, एम.डी. झालेल्यांचेसुद्धा. मी एवढंच पाहायचो: औषध कोणाला दिलं, न दिलेल्यांचं काय झालं, आणि हे सांगणाऱ्याला पैसे कोण देतं? बहुतेक फॉरवर्ड पहिल्याच प्रश्नाला गळत.

बावस्करांचं पुढचं काम तर मला अधिकच आवडतं. गोळीनं नाव मिळालं होतं, तरी त्यांनी ती पुन्हा तपासायला घेतली. सत्तर रुग्ण, निम्म्यांना नुसती गोळी, निम्म्यांना गोळीबरोबर प्रतिविष, म्हणजे विंचवाच्या विषावरचं उताऱ्याचं औषध. प्रतिविष मिळालेले लवकर सावरले, आणि 2011 साली त्यांनी ते 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापलं.

माझं जुनं पुस्तक अजून कपाटात आहे. विंचवाच्या त्या चार ओळींशेजारी मी पेन्सिलीनं 'प्राझोसिन' लिहिलेलं आहे, आणि त्याखाली, पंचवीस वर्षांनंतरच्या थरथरत्या अक्षरात, 'सोबत प्रतिविष'.

नमस्कार.